डाव्या वळणांचं गाव

दार वाजलं तेव्हा मास्तरांच्या बायकोचा एक डोळा दुधावर होता आणि दुसरा इस्त्रीवर. या घरात इस्त्रीची पिन घट्ट बसेल असा प्लग फक्त स्वयंपाकघरात. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीची घडी अंथरायची आणि तिथेच कपडे उरकायचे. आधीच्या घरात हा प्लग न्हाणीघराबाहेर होता, त्याच्या आधीच्या घरात पलंगाच्या मागे, म्हणजे पलंग ओढल्याशिवाय इस्त्री नाही. नव्या घरात पाऊल टाकलं की ती आधी प्लग शोधायची. खिडक्या, उजेड, शेजार, सगळं त्याच्यानंतर.

बेल असून दार ठोठावतंय म्हणजे कोणीतरी नवखं, हे तिने ओळखलं. दारावर अजून आधीच्या भाडेकरूचीच पाटी होती. ती काढू, आपली लावू, असं दोन वर्षं चाललं होतं. पाटीवरचं नाव वाचून नवखी माणसं बिचकायची, आणि बेल दाबायच्या ऐवजी हळूच दारावर बोटं वाजवायची.

दारात एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्याला पुठ्ठ्याची लांब नळी. खाली ड्रायव्हिंग स्कूलच्या शाखेचं शटर बंद दिसलं म्हणून सरळ वर आलो, राग मानू नका वहिनी, असं ते म्हणाले. ती नळी तिने लगेच ओळखली. मुख्य कचेरीतून पत्र आलं तर ते कशाचंही असू शकतं, पण नळी घेऊन माणूस येतो तो एकाच कामासाठी. कचेरीत यांना सगळे नकाशेवाले म्हणत. नवी शाखा कुठे काढायची हे हेच ठरवायचे.

मास्तर आत बूट घालत बसले होते. आवाज ओळखून त्यांचा पाय जमिनीवर कच्चकन दाबला गेला. हा पाय घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. एकवीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढल्यावर तो पाय मास्तरांचा राहिला नव्हता, नोकरीचा झाला होता. दूध उतू जायला आलं, मुलगी जिन्यात धावली, बातम्यांत काही वाईट सांगितलं, की पाय खाली. एकदा लग्नघरात फोटो काढणारा मागे मागे सरकत खुर्चीला अडखळणार, तर मास्तरांनी पाय एवढ्या जोरात दाबला की शेजारी बसलेले तिचे दीर कळवळले. त्यांच्या बुटावर पडला होता तो पाय.

मास्तर ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होते तिच्या त्र्याहत्तर शाखा होत्या. प्रत्येक गाडीच्या टपावर पिवळी पाटी, पाटीवर शाळेचं नाव आणि खाली ‘देशभर शाखा’. कोणी विचारलं की देशभर म्हणजे नक्की कुठे हो, तर मास्तरांची बायको म्हणायची, आमच्या कपाटाला विचारा, त्याचे चारी पाय वेगवेगळ्या गावांत मोडलेत. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांची अकरा गावं झाली होती. शाखा उघडायची, दीडदोन वर्षांत रुळावर आणायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि पुढे निघायचं, हे मास्तरांचं काम. पायाला भिंगरी होती असं नाही. भिंगरी कचेरीत होती, पाय फक्त यांचे होते.

नव्या गावात गेलं की पहिले पंधरा दिवस फेरी आखण्यात जायचे. फेरी म्हणजे शिकाऊ माणसाला रोज फिरवायचा ठरलेला रस्ता. त्यात एक चढ हवा, एक अरुंद गल्ली हवी, एक मोठा चौक हवा, पण पहिल्याच दिवशी माणूस घाबरून पळेल असं काही नको. शाळा किती वाजता सुटते, भाजीच्या गाड्या कुठे लागतात, कुठला कुत्रा चाकामागे धावतो, सगळं टिपावं लागे. मास्तर गाडी चालवायचे. मागच्या सीटवर वही घेऊन ती बसायची. सुरुवातीला नुसती सोबत म्हणून बसली होती, मग मास्तरांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही हे कळलं आणि वही तिच्याकडे आली. दुपारी घरी आल्यावर सामानाच्या खोक्यावर कागद पसरून ती सगळ्या टिपणांतून एक रस्ता काढायची. वही कचेरीत जाताना खाली सही मास्तरांची. त्यात लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. सहीची जागा एकच होती, एवढंच.

असं हे अकरा गावांच्या रस्त्यांचं ज्ञान, आणि तिला स्वतःला गाडी येत नव्हती.

मास्तरांनी शिकवून पाहिलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तिला समोरचं काही दिसायच्या आधी यांचा पाय ब्रेकवर. गाडी थांबायची आणि आपण का थांबलो हे तिला नंतर समजायचं. चार दिवसांनी ती शांतपणे म्हणाली होती की या गाडीत मला फक्त बसायचं काम आहे, चालवताय तुम्हीच. मग तिने दुसऱ्यांकडे शिकायला घेतलं. पण शिकाऊ परवाना ज्या गावच्या कचेरीने दिला, परीक्षाही तिथेच द्यावी लागे, आणि गाव सोडलं की परवाना रद्दीत. दुसऱ्या गावात परीक्षेला सहा दिवस उरले होते, तेव्हा बदली आली. सहाव्या गावात तर परीक्षेच्या सकाळी सामानाचा ट्रक दारात उभा होता. नवव्या गावात ती तारीख मागायलाही गेली नाही. ते तीन परवाने तिने फाडले नव्हते. कपाटाच्या खणात, मुलीच्या बाळपणीच्या टोपड्याखाली, तीन वेगवेगळ्या वयांचे तिचे फोटो होते. तिन्हींत चेहरा जरा घाबरलेला, पण केस नीट विंचरलेले.

हा चौथा. या वेळी तिने कोणाला फारसं सांगितलंच नाही. खालच्या शाखेत जिला सगळे छोटी म्हणत ती तरुण शिक्षिका तिला तीन महिने शिकवत होती. छोटीचा पाय जागेवर राहायचा. मास्तरांना बायको शिकतेय हे माहीत होतं, पण ती अधूनमधून शिकतच असते अशी त्यांची समजूत होती. कोणाची बायको विणकाम करते म्हणावं, तसं ते लोकांना सांगायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीस तारखेभोवती तिने पेनाने गोल काढला होता. मास्तरांनी तो पाहिला आणि गॅसचं सिलिंडर त्या दिवशी येणार असेल असं धरून चालले.

आज दोन तारीख होती.

तिने दूध उतरवलं, इस्त्रीची पिन काढली, टेबलावरची चादर गोळा केली. नकाशेवाल्यांना चहा दिला. मास्तर समोर येऊन बसले. मुलगी ओले केस पंच्यात गुंडाळून दारात येऊन टेकली. सोळा वर्षांची, शाळेची परीक्षा नुकतीच संपलेली, त्यामुळे कोणाच्याही गोष्टीत नाक खुपसायला भरपूर वेळ असलेली. नकाशेवाल्यांनी नळीतून नकाशा काढला आणि टेबलावर उलगडला. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवला, दुसऱ्यावर मास्तरांची बशी. उरलेले दोन कोपरे पुन्हा पुन्हा गुंडाळले जात होते, तर मुलीने एकावर कोपर टेकलं. चौथा आईने तळहाताने धरला, आणि मग तिला उठताच येईना.

सबंध देश होता. शाळेची एकेक शाखा म्हणजे एकेक हिरवा ठिपका. राजधानीभोवती इतके ठिपके की कागद दिसत नव्हता. तिथून पाच मोठे रस्ते फुटले होते आणि ठिपके त्या रस्त्यांच्या कडेने पळत गेले होते, सांडलेल्या मण्यांसारखे. रस्त्यापासून जरा आत शिरलं की काही नाही. नकाशेवाल्यांनी समजावून सांगितलं की याला कारण ब्रेक. दोन बाजूंनी ब्रेक असलेली गाडी दुरुस्त करणारी कार्यशाळा एकच, राजधानीत. गाडी बिघडली की एका दिवसात तिथे पोचली पाहिजे, म्हणून जिथवर एका दिवसात गाडी जाते तिथवरच शाखा. नवऱ्याच्या पायाइतकाच हा ब्रेकही आपल्या संसाराची हद्द ठरवत होता, असं तिच्या मनात आलं. तिची नजर आपोआप आपले अकरा ठिपके शोधत फिरली. नावं वाचावी लागली नाहीत. इथे पाणी जड होतं, इथे घरमालकीण दारावर कान लावायची, इथे मुलगी झाली.

“हा मीच का?” मुलीने चौथ्या गावावर बोट ठेवलं. “काका, शाळेने मला मोफत शिकवायला पाहिजे. मी ठिपक्यात जन्मलेय.”

नकाशेवाले हसले, पण त्यांचं बोट तोवर वरच्या कोपऱ्याकडे निघालं होतं. डोंगराळ, विरळ, सबंध कोरा कोपरा. त्यात एकच लाल ठिपका ताज्या शाईने काढलेला. घोडं अडलं होतं ते असं: दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलने तक्रार केली होती की यांची त्या भागात एकही शाखा नाही, तर हे पाटीवर ‘देशभर’ कसं लिहितात. तक्रार खरी होती. पाट्या बदलायच्या तर साडेतीनशे गाड्या. त्यापेक्षा तिकडे एक शाखा काढावी असं वरच्यांनी ठरवलं. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं, म्हणजे त्याच्या आत तिथे शटर उघडलेलं, पाटी लागलेली आणि फेरी आखायला सुरुवात झालेली हवी. गाडी बिघडली तर म्हणून जोडीला एक जादा गाडी देणार होते. तीन जणांना विचारून झालं, तिघांनी घरच्या अडचणी सांगितल्या. मास्तरांनी नऊ तारखेला हे घर रिकामं करून निघावं, अशी विनंती होती. विनंती म्हणताना नकाशेवाल्यांनी चष्मा पुसला.

मास्तर नकाशावर वाकले. गेले सहा महिने या माणसाला एकाच फेरीवर तेच ते चढ चढून कंटाळा आला होता, हे तिला माहीत होतं. आता त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता, दाबत नव्हता, नुसता हलत होता, आणि डोळ्यांत नवं गाव दिसायला लागलं होतं. डोंगरात चढ किती असतील, असं ते विचारत होते. धुकं असतं का, असं विचारत होते.

तिने हात उचलला. नकाशाचा कोपरा फर्रकन गुंडाळला गेला. ती ओट्याशी गेली, विझलेला गॅस पुन्हा विझवला, परत आली, कोपरा धरला, पुन्हा उठली. निळ्या शर्टाची एक बाही राहिली होती ती थंड इस्त्रीनेच दाबून काढली. मुलगी आधी आईकडे आणि मग कॅलेंडरकडे बघत होती. बोलायला तोंड उघडलं तर आईने नुसत्या भुवईने तिला गप्प केलं. नऊ आणि एकवीस. मध्ये बारा दिवस. एवढ्यात मास्तर हो म्हणतील आणि मग त्या होचं ओझं सगळ्यांनी मिळून ट्रकात चढवायचं.

पण मास्तर हो म्हणायच्या आत नकाशेवाल्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. जाण्याआधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा, असं ते म्हणाले. पुठ्ठ्यावर चौथ्या गावाचं नाव होतं, आणि वही पाहताच तिने ती ओळखली. कोपऱ्यावर दुधाचा डाग होता.

प्रकार असा झाला होता. चौथ्या गावात पंधरा वर्षं सगळं सुरळीत चालू होतं. परवान्याच्या कचेरीतले जुने परीक्षक आपल्याच फेरीवरून परीक्षा घ्यायचे, पोरं पास व्हायची. गेल्या वर्षी नवे परीक्षक आले. त्यांनी फेरी सोडून गाडी उजवीकडे वळवायला सांगितली आणि तेवीस जणांपैकी एकोणीस जण नापास झाले. कोणी चौकाच्या मध्येच थांबलं, कोणी हात जोडले. मुख्य कचेरीने नकाशेवाल्यांना पाठवलं. त्यांनी ती फेरी स्वतः फिरून पाहिली. नऊ किलोमीटरमध्ये सतरा वळणं, आणि सतराही डावी.

“डावीकडे वळत राहिलं की माणूस फिरून घरी येतो, हे खरं,” नकाशेवाले म्हणाले. “पण मास्तर, अर्धं गाव आपल्याकडे शिकलंय. तिथल्या डॉक्टरांनी मला गाडीतून सोडलं. बसस्टँड समोर उजव्या हाताला दिसत होता. ते सरळ पुढे गेले, मग डावीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि मग रस्ता ओलांडून मला उतरवलं. मी विचारलं, तर म्हणाले, आम्ही असंच जातो. लोकांनी दुकानंसुद्धा चौकाच्या डाव्या अंगाला थाटलीत.”

मास्तर लाल झाले. एकवीस वर्षांत त्यांच्या फेरीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मुख्य कचेरीत त्यांच्या वह्या नमुना म्हणून दाखवत. त्यांनी वही ओढून घेतली, पानं उलटली, आणि काही सुचेना तेव्हा म्हणाले की त्या गावात उजवीकडे वळायला जागा नसेल. नकाशेवाल्यांनी सांगितलं, जागा भरपूर आहे. मास्तरांनी पुन्हा पान उलटलं. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच तिला लागलं. दोष अंगावर घ्यायला निघाले होते ते. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं की चूक कशी झाली, आणि तरी घेणार होते.

ती मात्र दुधाच्या डागाकडे बघत होती. त्या गावात पोचताच मुलगी झाली, म्हणून फेरीचं काम लांबलं होतं, आणि ते सुरू झालं तेव्हा ती तीन महिन्यांची होती. घरात ठेवायला कोणी नाही, म्हणून टोपलीत घालून मागच्या सीटवर, आईच्या मांडीशी. गाडी चालू असेपर्यंत पोर गाढ झोपायची. थांबली की टाहो. उजवीकडे वळायचं म्हणजे चौकात समोरच्या गाड्या जाईपर्यंत थांबायचं. डावीकडे वळताना थांबावं लागत नाही. ज्या रस्त्यावर पोर रडली तो रस्ता तिने वहीत कधी खोडलेला नव्हता. तो फक्त दुपारी कागदावर आपोआप गळून पडायचा. फार वर्दळीचा, असं ती शेजारी लिहायची. आणि तिला ते खरंच वाटायचं.

“ती वही माझी आहे,” ती म्हणाली. “सगळ्याच माझ्या आहेत. यांची सही आहे फक्त.”

आणि मग तिने टोपलीचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज आधी अपराधी होता, पण टाहोपर्यंत पोचेतो तिलाच हसू यायला लागलं. मुलीने पंचा तोंडावर घेतला. “म्हणजे सबंध गाव माझ्या झोपेवर चालतंय,” ती पंच्याच्या आतून म्हणाली. मास्तर वहीतली ती सतरा वळणं एकेक करून बोटाने मोजत होते. मोजून झाल्यावर ते म्हणाले की ही फेरी आपल्याला फार आवडायची, गाडी कशी न थांबता जायची, आणि आपण समजत होतो ती आपल्या हाताची सफाई.

नकाशेवाले हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून आणखी दोन वह्या काढल्या, अक्षर ताडून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. कचेरीत आपण नवीन शिक्षकांना ‘मास्तरांसारखी नजर ठेवा’ असं सांगतो, असं ते म्हणाले. कुत्र्यापर्यंतची नोंद पाहून आपल्याला नेहमी वाटायचं की एवढी नजर गाडी चालवणाऱ्या माणसाला कशी राहते. आता कळलं, ती चालवणाऱ्याची नव्हतीच. चौथ्या गावाची फेरी तर दुरुस्त करायचीच, पण त्या कोऱ्या कोपऱ्यात फेरी आखायची असेल तर निव्वळ मास्तर पाठवून भागणार नाही. नियमाप्रमाणे वहीवर वहिनींचं नाव घालता येईल, मानधनाचंही बघता येईल, घर निवडताना त्यांचा शब्द धरता येईल.

“वहिनी, एकदाच विचारतो,” त्यांनी पेन काढलं आणि नऊ तारखेचा कागद समोर ओढला. “तुम्ही याल, तर तुम्हाला काय हवं ते आत्ता सांगा. मी वर लिहून देतो.”

मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या मनात काय काय असेल हे तिला चेहऱ्यावरून वाचता आलं असतं. मोठं घर माग, चांगल्या कॉलेजजवळ माग, निदान प्लग जागेवर असलेलं घर माग. या एकवीस वर्षांत मागायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी केली असती तर त्या नकाशाच्या पाठीवर मावली नसती, आणि क्षणभर ती सगळी यादी तिच्या जिभेवर गोळाही झाली. हात पुन्हा उचलला गेला, कोपरा पुन्हा गुंडाळला. या वेळी तिने तो तसाच राहू दिला.

उठून ती भिंतीपाशी गेली. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि नकाशावर ठेवलं, पेनाचा गोल वर येईल असं. मास्तरांनी गोल पाहिला, वर तिच्याकडे पाहिलं, आणि सिलिंडरचं कोडं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटत गेलं. टेबलाखाली त्यांचा पाय कच्चकन खाली गेला. पण तिथे ब्रेक नव्हता.

“नऊचं बावीस करा,” ती म्हणाली. “एकवीसला माझी गाडीची परीक्षा आहे, तेवढी देऊन निघू द्या.”